जुन्या शिडाच्या नौकेंतील दुर्गंध व त्याचें निवारण

शिडाची नौका म्हटली कीं मनुष्याच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेलें असतें. वाऱ्यानें फुगलेलें पांढरें शुभ्र शीड, पाणी कापीत जाणारी नाळ आणि सुकाणूपाशीं बसलेला निश्चिंत खलाशी, एवढेंच त्यांत दिसतें. त्या शिडाखालीं एक लहानशी केबिन असते, आणि प्रवासाचें सुख किंवा दुःख बरेंचसें तिच्यावर अवलंबून असतें, ही गोष्ट चित्रांत येत नाहीं. तीस फूट लांबीच्या नौकेंतील केबिन आठ-दहा पावलांत संपते. तेवढ्या जागेंत निजण्याच्या फळ्या, जेवणाचें मेज, स्वयंपाकाची शेगडी, नकाशे पसरण्याची जागा आणि शौचकूप हीं सर्व एकमेकांस खेटून असतात. घरांत शौचकूप कोपऱ्यांत असतो आणि मध्यें अंगण तरी असतें. नौकेंत मध्यें असते ती केवळ अर्ध्या इंचाची फळी. अशा ठिकाणीं दुर्गंध शिरला म्हणजे त्याला जाण्यास वाट नसते, आणि माणसालाहि पळून जाण्यास जागा नसते.

हा प्रश्न जुन्या नौकांच्या बाबतींत विशेष आहे. १९६० पासून १९८५ पर्यंतच्या काळांत युरोप व अमेरिकेंत कांचतंतु व राळ यांपासून तयार केलेल्या हजारों नौका समुद्रांत उतरल्या. लाकूड कुजतें, लोखंड गंजतें, परंतु ह्या नौकांचें कवच चाळीस-पन्नास वर्षें झालीं तरी टिकून आहे. नव्या नौकेची किंमत ज्यांस झेपत नाहीं अशा मध्यम स्थितींतील कुटुंबांस त्या थोडक्या पैशांत मिळतात, आणि त्या लेंच्यापेंच्या असतात असेंहि नाहीं. ‘गोल्डन ग्लोब’ नांवाच्या एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतींत तर १९८८ पूर्वीं आखलेल्या नमुन्याचीच नौका चालते. २०२२ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघालेल्या त्या शर्यतींत भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांनीं ३६ फुटी जुन्या नमुन्याच्या नौकेंतून प्रदक्षिणा पुरी करून २०२३ सालीं दुसरें स्थान मिळविलें. तात्पर्य, जुन्या नौकेचें अंग मजबूत असतें. तिचें पोट मात्र बिघडलेलें असूं शकतें.

अशी एक नौका एखाद्या गृहस्थानें मोठ्या हौसेनें विकत घेतली आहे, असें समजावें. विकणाऱ्यानें दारें-खिडक्या आधींच उघडून ठेविल्या होत्या, लिंबाच्या अर्काचा सुवास सर्वत्र दरवळत होता, आणि सौदा लगेच झाला. पुढें पंधरा दिवसांनीं बंद केबिनीचें दार उघडून गृहिणी खालीं उतरते तों सडक्या अंड्यांच्या वासाचा लोट अंगावर येतो. ती नाकाला पदर अथवा रुमाल लावून वर येते आणि शांतपणें सांगते कीं, मुलांस ह्या खोलींत निजविणें तिला मान्य नाहीं. गृहस्थ बाजारांत जाऊन सुगंधी वड्या, फवारे, निळीं-हिरवीं रसायनें आणतो. आठ दिवस गुलाब आणि अंडीं यांचा मिश्र वास येतो. नवव्या दिवशीं गुलाब जातो, अंडीं राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ती नौका धक्क्याला बांधलेलीच राहते, आणि तिसऱ्या वर्षीं ती विकण्याची जाहिरात येते. पुष्कळ चांगल्या नौकांचें आयुष्य अशा रीतीनें फुकट गेलें आहे, आणि त्यांचा रोग मुळांत असाध्य नव्हता.

ह्या प्रकरणीं मुख्य चूक विचाराची असते. वास ही स्वतंत्र वस्तु नव्हे. कोठें तरी चाललेल्या क्रियेची ती वर्दी आहे. घरांत आगीची घंटा वाजूं लागली तर घंटेभोंवतीं कापड गुंडाळून कोणी स्वस्थ बसत नाहीं. सुगंधी द्रव्यें म्हणजे घंटेभोंवतीं गुंडाळलेलें कापड होय. वास कोठून येतो, कोणत्या वेळीं येतो आणि कशापासून उत्पन्न होतो, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे उपाय बहुधा आपोआपच सुचतो.

थोडा इतिहास येथें उपयोगी पडेल. जुन्या मोठ्या जहाजांवर सामान्य खलाशांची शौचाची जागा अगदीं पुढच्या टोंकाला, नाळेच्या बाहेर काढलेल्या जाळीवर असे. लाटा ती जागा सतत धूत असत. त्यामुळेंच इंग्रजी बोलणारे खलाशी नौकेवरील शौचकूपास अद्यापि ‘हेड’, म्हणजे डोकें अथवा अग्रभाग, असें म्हणतात. पुढें लहान नौकांत हातानें चालविण्याचा पंप लावलेलें शौचपात्र आलें. पंप ओढला कीं समुद्राचें पाणी आंत येई, आणि दाबला कीं मळ समुद्रांत जाई. त्या काळीं वास बेताचा असे, कारण सांठवण नव्हती. घाण नौकेंत न राहतां बंदरांत जात असे, आणि त्याचे परिणाम बंदरांतील लोक भोगीत. अमेरिकेंत १९७२ सालीं जलप्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला, आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आंत अशुद्ध मैलापाणी सोडण्यास मनाई आली. इतर देशांतहि कमी-अधिक प्रमाणांत तसे निर्बंध झाले. कायदा योग्यच होता. परंतु ज्या नौका टाकीची कल्पनाहि न करतां बांधल्या होत्या त्यांच्यांत निजण्याच्या फळीखालीं, कोनाकोपऱ्यांत, मिळेल तेथें मैल्याची टाकी कोंबण्यांत आली. लांबच लांब वांकड्या नळ्या, लहान टाकी आणि हवेसाठीं बोटभर छिद्र, असा जो संसार त्या वेळीं मांडला गेला, त्यांतूनच आजचा दुर्गंध उत्पन्न होतो.

आतां ह्या वासाचें मूळ पाहावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत किप् साहेबांच्या उपकरणांत आयर्न सल्फाइडवर सौम्य आम्ल ओतून जो वायु काढीत, तोच हा हायड्रोजन सल्फाइड होय. एक किलो समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांपैकीं सुमारें २.७ ग्रॅम सल्फेट असतें. शिवाय त्या पाण्यांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. पाणी वाहतें आहे, त्यांत प्राणवायु मिसळतो आहे, तोंवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु तेंच पाणी नळींत चार-आठ दिवस कोंडून राहिलें म्हणजे हे जीव मरतात, कुजूं लागतात, आणि कुजतांना पाण्यांतील सर्व प्राणवायु संपवितात. मग ज्यांस प्राणवायूची गरज नाहीं असे जंतु कामास लागतात. ते सल्फेटांतील प्राणवायु घेतात, आणि गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपानें बाहेर पडतो. घरच्या गोड्या पाण्यांत सल्फेट फारच थोडें असतें. म्हणून घरच्या नळांत हा वास सहसा येत नाहीं आणि नौकेंत येतो. ह्या वायूची एक खूण डोळ्यांसहि दिसते: केबिनींतील चांदीचा चमचा व पितळी दिवा नेहमींपेक्षां लवकर काळे पडूं लागतात.

ह्यावरून एक आश्चर्याची गोष्ट निष्पन्न होते. पुष्कळदां नौकेंतील ‘संडासाचा वास’ मैल्याचा नसतोच. तो धुण्यासाठीं आंत घेतलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या समुद्रजलाचा असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. नौका आठ-दहा दिवस बंद ठेवून उघडावी आणि शौचपात्राचा पंप ओढावा. पहिल्या चार-पांच ओढींबरोबर भपकारा आला आणि नंतर लौकरच ओसरला, तर दोष पाणी आंत घेणाऱ्या नळीचा आहे. अशा वेळीं मैल्याच्या टाकींत कितीहि औषध ओतलें तरी तें व्यर्थ होय, कारण औषध एकीकडे आणि रोग दुसरीकडे अशी स्थिति असते.

उपायहि तितकाच सोपा आहे. नौका सोडून जातांना समुद्राचें पाणी त्या नळींत ठेवूं नये. तिच्यांत गोडें पाणी भरून जावें. पुष्कळ नौकांत शौचकूपाशेजारीं हात धुण्याचें लहान पात्र असतें. त्याच्या सांडपाण्याची नळी शौचपात्राच्या आंत येणाऱ्या नळीस जोडून घ्यावी. मग नौकेच्या तळाची तोटी बंद करून हात धुण्याच्या पात्रांत गोडें पाणी भरावें व पंप ओढावा. तें पाणी नळींतून, पंपांतून व पात्राच्या कडेखालच्या छिद्रांतून जाऊन सर्व मार्ग धुऊन काढतें. येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. पिण्याच्या पाण्याची नळी सरळ शौचपात्रास जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो टाळावा. पाण्याचा दाब कमी होऊन प्रवाह उलट फिरला तर शौचपात्रांतील जंतु पिण्याच्या टाकींत जातील, आणि वास घालवितां घालवितां घरांत रोग येईल.

दुसरें उगमस्थान म्हणजे मैला वाहून नेणाऱ्या नळ्या. ह्या नळ्या बहुधा ३८ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या असतात. स्वस्त प्लास्टिकच्या नळीचें अंग वरून सलग दिसलें तरी काळानें त्यांतून वास पाझरूं लागतो. नळी गळत नाहीं, ओली नाहीं, फाटलेली नाहीं, तरी ती आरपार दुर्गंधानें भिनलेली असते. तिची ओळख पटविण्याची रीत कोणासहि करतां येण्यासारखी आहे. एक स्वच्छ फडकें गरम पाण्यांत बुडवून पिळावें, नळीच्या एका भागाभोंवतीं गुंडाळावें, व तें निवल्यावर दूर नेऊन हुंगावें. फडक्यास वास आला तर तो भाग निकामी झाला असें समजावें. प्रत्येक भागास वेगळें फडकें घ्यावें, आणि मध्यंतरीं वर मोकळ्या हवेंत जाऊन यावें. कारण नाक लौकर थकतें व मग खोटी साक्ष देतें. भिनलेली नळी वरून धुऊन, रंग देऊन किंवा पट्टी गुंडाळून सुधारत नाहीं. ती काढून मैल्यासाठींच बनविलेली जाड नळी घालावी, किंवा जेथें मार्ग सरळ आहे तेथें कठीण प्लास्टिकचा नळ बसवावा. त्यांतून वास पाझरत नाहीं.

परंतु नवी नळीहि वाईट वागणुकीनें बिघडते. नळींत मैला तुंबून राहूं देणें ही सर्वांत वाईट वागणूक होय. कित्येक माणसें पात्र रिकामें दिसलें कीं पंप थांबवितात. पात्रांतून गेलेला मैला तेव्हां कोठें असतो, तर नळीच्या मध्यावर. ह्याचा हिशेब करणें कठीण नाहीं. ३८ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळींत सुमारें १.१ लिटर पाणी मावतें. म्हणजे तीन मीटर नळींत सुमारें ३.४ लिटर. आतां पात्रांत मोजून एक लिटर पाणी ओतावें आणि तें रिकामें होण्यास पंपाच्या किती ओढी लागतात तें पाहावें. समजा, पांच लागल्या. तर पात्र रिकामें झाल्यावर मैला टाकीपर्यंत पोंचविण्यास आणखी सतरा ओढी लागतील. हा आंकडा कागदावर लिहून शौचकूपाच्या दारावर लावून ठेवावा. पाहुण्यांस तो वाचून थोडा संकोच वाटेल. पण वासापेक्षां संकोच बरा.

तिसरी गोष्ट नळीच्या आंतील पुटाची. मूत्र आणि समुद्राचें पाणी एकत्र आलें म्हणजे त्यांतील क्षार घट्ट होऊन नळीच्या आंतल्या अंगास दगडासारखे चिकटतात. कांहीं वर्षांत नळीचें छिद्र अर्ध्यावर येतें. पात्राच्या मागें बदकाच्या चोंचीसारखी एक रबरी झडप असते; तिचें काम गेलेलें पाणी परत न येऊं देणें हें होय. तिच्यावर पुट चढलें म्हणजे चोंच नीट मिटत नाहीं, आणि नळींतील घाण पाणी हळूहळू पात्रांत परत येतें. पात्र स्वच्छ करून निजलें आणि सकाळीं त्यांत तपकिरी पाणी दिसलें, तर ही झडप बदलण्याची वेळ झाली आहे असें ओळखावें. झडप स्वस्त असते. ती दर वर्षीं बदलावी. पुट चढूं नये म्हणून आठवड्यांतून एकदां पांढरें व्हिनेगर पात्रांत ओतून पंपाच्या दोन-तीन ओढींनीं हळूहळू पुढें सरकवावें व नंतर भरपूर गोड्या पाण्यानें धुवावें. ब्लीचचा वापर करूं नये. तें रबरी भाग खराब करतें. आणि ब्लीच व कोणतेंहि आम्ल, मग तें व्हिनेगर कां असेना, कधींहि एकत्र येऊं देऊं नये. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि बंद केबिनींत तो जिवावर बेतूं शकतो.

ह्याच संदर्भांत पंपाकडे एक नजर टाकावी. पंपाचा दांडा जेथें वर-खालीं होतो तेथील रबरी कडें झिजलें म्हणजे प्रत्येक ओढीबरोबर एक-दोन थेंब बाहेर येतात. हे थेंब इतके थोडे असतात कीं ते कोणाच्या लक्षांत येत नाहींत. परंतु ते फळीच्या फटींत जाऊन वर्षानुवर्षें सडतात. रात्रीं पंपाखालीं व प्रत्येक सांध्याखालीं कोरडा टिपकागद ठेवावा आणि सकाळीं पाहावा. कागद जेथें ओला झाला तेथें गळती आहे; ह्यापेक्षां स्वस्त साक्षीदार मिळणें कठीण.

आतां टाकीकडे वळावें. टाकींत मैला आहे म्हणजे वास असणारच, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाहीं. कुजण्याचे दोन प्रकार आहेत. जेथें प्राणवायु मिळतो तेथें त्यावर जगणारे जंतु मैल्याचें विघटन करतात व त्यांतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी निघतें. त्यांस वास नसतो. प्राणवायु नसेल तर दुसऱ्या जातीचे जंतु बळावतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन इत्यादि वायु निर्माण होतात. शेतकऱ्याचा उकिरडा वरचेवर खालींवर केला तर त्याचें खत होतें, आणि तोच चिखलांत दाबून ठेवला तर त्याची दलदल होते. टाकीचेंहि तसेंच आहे. म्हणून टाकीला औषधापेक्षां हवेची गरज अधिक असते.

ही हवा टाकींत एका नळीवाटे येते. तिला टाकीची श्वासनळी म्हणतां येईल. जुन्या नौकांत ती बहुधा १६ मिलिमीटर व्यासाची, लांब व वळणावळणाची असते. तिच्या जागीं २५ मिलिमीटरची घातली तर छिद्राचें क्षेत्र जवळजवळ अडीचपट होतें. ३८ मिलिमीटरची घातली तर साडेपांचपटीहून अधिक. नळी शक्य तितकी आंखूड, सरळ आणि सतत वर चढणारी असावी. मध्यें खोलगट वळण राहिलें तर त्यांत पाणी सांचून श्वास बंद होतो. नौकेच्या दोन्ही बाजूंस एक-एक श्वासनळी काढतां आली तर एकीकडून वारा शिरतो व दुसरीकडून बाहेर पडतो, आणि टाकीचें पोट निरोगी राहतें. श्वासनळीच्या बाहेरच्या तोंडांत कधीं मीठ, कधीं किडे, कधीं चिखल अडकतो. नौका धुतांना त्या तोंडांत बाहेरून पाण्याची धार मारण्याची संवय ठेवावी. टाकींत जंतुनाशक टाकण्याची घाई करूं नये. विशेषतः फॉर्माल्डिहाइडसारखें विष चांगल्या जंतूंसहि मारतें, आणि शेवटीं कोणाच्या तरी पाण्यांत जातें. टाकी रिकामी केल्यावर दोन वेळां गोडें पाणी घालून ती पुन्हां उपसावी, म्हणजे तळाशीं गाळ बसत नाहीं.

ह्या ठिकाणीं एका गंभीर गोष्टीचा उल्लेख अवश्य आहे. हायड्रोजन सल्फाइड केवळ ओंगळ नाहीं. तो विषारी आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग नसला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. परंतु तें प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलें म्हणजे घ्राणशक्तीच बधिर होते. ‘मघांपर्यंत वास होता, आतां गेला’ असें वाटणें म्हणजे संकट टळलें असें नव्हे. तें वाढलें असा त्याचा अर्थ असूं शकतो. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं सांचतो, आणि मिथेन तर ठिणगीसरशीं पेट घेतो. म्हणून टाकी उघडतांना केबिनीचीं सर्व दारें उघडीं ठेवावीं, शेगडी व दिवे विझवावेत, टाकींत डोकें घालूं नये, आणि हें काम कधींहि एकट्यानें करूं नये. वर मोकळ्या हवेंत एक माणूस उभा असावा.

कधीं कधीं शौचकूपाचा सर्व कारभार निर्दोष ठरतो आणि तरीहि वास राहतो. मग नौकेचा तळ तपासावा. फळ्यांखालीं नौकेचा जो सर्वांत खोल भाग असतो तेथें सर्व पाण्यांचा संगम होतो: न्हाणीचें साबणाचें पाणी, बर्फपेटीच्या वितळलेल्या बर्फाबरोबर आलेला दुधा-मासळीचा अंश, एंजिनाचें तेल, आणि नांगराच्या साखळीबरोबर वर आलेला समुद्राचा काळा चिखल. हें मिश्रण अंधारांत आणि उबेंत पडून राहिलें म्हणजे मैल्याच्या टाकीसहि लाजवितें. नौका कलली किंवा हेलकावूं लागली कीं वास वाढत असेल तर बहुधा दोष तळाचा असतो. त्यांत साबणाचें पाणी ओतून नुसतें तें उपसणें पुरेसें नाहीं. प्रत्येक कप्पा घांसावा, गोड्या पाण्यानें दोनदां धुवावा, आणि पूर्ण कोरडा करावा. कारण कोरड्या जागेंत जंतूंचें कांहीं चालत नाहीं. बर्फपेटी व न्हाणी यांचें पाणी तळांत सोडण्याची जुनी पद्धत बंद करून त्यांस वेगळी वाट काढून द्यावी.

ही सर्व कामें झाल्यावरहि कांहीं दिवस मंद वास रेंगाळतो. तो गाद्यांत, पडद्यांत व उघड्या लाकडांत मुरलेला असतो. गाद्यांच्या खोळी धुवाव्यात, गाद्यांस कडक ऊन द्यावें, व कपाटांच्या आंतील लाकूड पुसून कोरडें झाल्यावर त्यास रोगण लावावें. आणि नौका बंद असतांनाहि हवा खेळती ठेवावी. समुद्राचें पाणी आंत न येतां हवा कशी घ्यावी हा प्रश्न १९३० सालीं अमेरिकेंत समुद्रांत उतरलेल्या ‘डोराड’ नांवाच्या नौकेवर सुटला. तिचा आराखडा ऑलिन स्टीफन्स या तरुणानें केला होता, आणि हवेची युक्ति बसविण्याचें श्रेय त्याचा भाऊ रॉड यास देतात. वर भोंगा, त्याखालीं लांकडी पेटी, आणि पेटींत भोंग्यापासून दूर उभी केलेली आंत जाणारी नळी, अशी ती रचना आहे. भोंग्यांतून शिरलेलें पाणी पेटीच्या तळाशीं पडून छिद्रांवाटे बाहेर वाहतें. हवा मात्र नळीवर चढून केबिनींत उतरते. ‘डोराड’नें १९३१ सालीं अटलांटिक पार करण्याची शर्यत जिंकली, आणि तिचें नांव त्या पेटीस कायमचें चिकटलें. अशा दोन पेट्या, एक पुढें व एक मागें, जुन्या नौकेवर सहज बसवितां येतात.

कांहीं लोकांनीं टाकी व नळ्या यांचा मार्गच सोडून दिला आहे. त्यांच्या शौचपात्रांत मूत्र व मळ वेगवेगळे ठेवतात, आणि मळ कोरड्या भुशांत मिसळतात. त्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं वापरतात तो भुसा नारळाच्या सोडणांतून काथ्या काढतांना उरणारा असतो. कोंकणच्या माणसास ह्याचें नवल वाटेल, कारण त्याच्या परसांत तो ढिगानें पडलेला असतो. तत्त्व तेंच आहे: ओल कमी, हवा अधिक, म्हणून दुर्गंध कमी. परंतु येथेंहि रोजची निगा चुकत नाहीं, आणि मूत्राचें भांडें वेळेवर रिकामें करण्याचा कंटाळा करणाऱ्यास ह्या पद्धतीपासूनहि सुख मिळणार नाहीं.

शेवटीं कामाचा क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम वास केव्हां येतो ह्याची आठवडाभर नोंद करावी. मग पाणी आंत घेणारी नळी गोड्या पाण्यानें धुऊन पाहावी. ह्यास खर्च कांहींच नाहीं. नंतर टिपकागदानें गळती, गरम फडक्यानें नळ्या, आणि पाण्याच्या धारेनें श्वासनळी तपासावी. त्यानंतर तळ धुवावा. नवी टाकी, नव्या नळ्या हा खर्च सर्वांत शेवटीं, आणि तोहि दोष सिद्ध झाल्यावर करावा. टाकी भरली म्हणजे ती धक्क्यावरील उपसा-केंद्रावरच रिकामी करावी. काळोखांत बंदराच्या पाण्यांत सोडूं नये. त्याच पाण्यांत दुसऱ्या कोणाचीं मुलें पोहत असतात.

नौकेंतील ही कामें कोणास भूषणावह वाटत नाहींत. शिडें कशीं लावावीं, तारे पाहून स्थान कसें काढावें, ह्यांवर माणसें रात्र-रात्र बोलतात. शौचकूपाविषयीं कोणी बोलत नाहीं, आणि म्हणूनच तो दोष वर्षानुवर्षें टिकतो. एका शनिवारीं-रविवारीं गुडघ्यांवर बसून, बाह्या वर सारून, फडकें आणि टिपकागद घेऊन शोध केला, तर बहुधा दहा-वीस रुपयांच्या व्हिनेगरानें किंवा हातभर नव्या नळीनें काम होतें. मग पंधरा दिवस बंद असलेल्या केबिनीचें दार उघडलें म्हणजे लाकूड, रोगण व समुद्र यांचाच काय तो वास येतो. आणि मुलांच्या अंथरुणाच्या वळकट्या घेऊन गृहिणी जिना उतरते, तेव्हां ती रुमाल शोधीत नाहीं.